साठ अंशांवर

टॉवर अजून माझ्या नावावर आहे.
विजेचं बिल, विमा,
आणि वरचा लाल दिवा गेला तर
नगरपालिकेची नोटीससुद्धा.
वापरतात मात्र दुसरेच.
मिनिटाला एकोणीस सेंट.
कुणी ल्योंचा, कुणी टेक्सासचा, कुणी कुठल्याशा बेटावरचा,
खुर्चीतून न उठता
कुह्मोच्या माझ्या अंगणातला अँटेना फिरवतात.

मी कॉफी ओतत असते
आणि खिडकीबाहेर तो आपोआप वळू लागतो
मागून कुणी हाक मारल्यासारखा.
पहिल्या हिवाळ्यात दचकायचे.
टॉवर घराच्या भिंतीला जखडलेला आहे,
मोटर लागली की कपाटातल्या बशा किणकिणतात.
आता बशांवरून कळतं, कोण आलंय.

आउलिस म्हणाला असता,
उंटावरून शेळ्या हाकतायत लेकाचे.
त्यानं हे सगळं हातानं उभं केलं:
लाकूडगिरणीतून उरलेल्या सुट्ट्या, उसना वेल्डर,
पायाच्या खड्ड्यात लागलेला खडक
ज्याला तो दोन उन्हाळे शिव्या घालत होता.
चाळीस अंशांपाशी मोटर कुरकुरायची.
ग्रीस लावतो म्हणाला.
राहिलं.
भाडेकरूंना ते ऐकू जात नाही.

त्यांना बर्फही लागत नाही.
खटका पडला की मेल येतो: स्टेशन बंद आहे.
मग मी, कपाळाला टॉर्च बांधून,
मांडीभर बर्फातून शेडपर्यंत.
खटका खाली. खटका वर.
पुतण्या एस्को म्हणतो, काकू, तू कसली मालकीण,
तू तर त्यांची गडी.
असेन.

फेब्रुवारीत एक जण रोज सकाळी आठला यायचा
आणि अँटेना साठ अंशांवर नेऊन ठेवायचा.
तिकडे काय आहे, नकाशात पाहिलं. जपान.
बिलावरचा पत्ताही तिथलाच, ओसाका.
न राहवून विचारलं:
स्वतःच्याच गावाकडे तोंड करून काय ऐकता?

तोकुनागा सानचं उत्तर दोन दिवसांनी आलं.
अकरावा मजला. गॅलरीत तार लावायला बंदी,
कपडेसुद्धा कठड्याच्या आत वाळवायचे.
गुडघे गेले तेव्हा टेकडीवरचं घर विकलं,
घराबरोबर छतही गेलं, आणि छतावरचं सगळं.
नदीपलीकडे मिनोबे राहतो.
त्याचा गंजका अँटेना अजून तगून आहे.
"माझी बोटं इथे हलतात, ठोका तुमच्याकडे उमटतो,
तिथून परत माझ्याच शहरात.
सात हजार किलोमीटर जाऊन, सात हजार येऊन.
सायकलवर वीस मिनिटं लागतात."

मग जा की, असं मी लिहिलं नाही.
त्यानंच पुढे लिहिलं होतं:
समोर बसलो की मिनोबे दोन वाक्यांत संपतो.

खाली, सहीनंतर, आणखी एक ओळ.
"दरपत्रकात नाही, तरी विचारतो.
माझं स्वतःचं होतं तेव्हा वारा सुटला की तारा गुणगुणायच्या,
खोलीत बसून दातांत कळायचं.
तुमच्याकडून सगळं फार स्वच्छ येतं.
तिथे वारा असतो का?"

असतो का!
दुसऱ्या सकाळी हातमोजा काढला,
फोन ताणतारेला टेकवून उभी राहिले.
बोटं सुन्न. शेजारच्यांचा कुत्रा भुंकला.
एवढ्यात आठ वाजले, आणि डोक्यावर
तो स्वतःच येऊन अँटेना वळवू लागला
ओसाकातून, मी इथे आहे हे माहीत नसताना.
सगळं रेकॉर्ड झालं. पाठवून दिलं.
ते मिनिट बिलात कुठे धरायचं,
ठरवता आलं नाही. सोडून दिलं.

संध्याकाळी त्याचा मेल:
वारा चार वेळा ऐकला. आभार.
पण शेवटी ते कुरकुरलं, ते काय होतं?

दिवा लावला, टेबल पुसलं.
एका ओळीत सांगता आलं असतं.
मी खडकापासून सुरुवात केली.